शेखरची मुलगी

बेबीताई, मृदुलाने दार उघडलं.

हे तुम्हाला मीच सांगायला हवं, कारण ती उघडणार नाही म्हणून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. सोमवारी साडेआठला शेखर जिने चढत वर आला. लिफ्ट बंद होती. ‘बघ, चढवला का नाय त्याला,’ असं तुम्ही नक्की म्हणाला असतात. चौथ्या मजल्यावर येऊन त्याने बेलकडे हात नेला आणि तिथेच त्यांनी भाग संपवला. मंगळवारचा अख्खा भाग मृदुलाच्या चेहऱ्यावर गेला. बुधवारी तिने दार उघडलं. तुम्हाला जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. तुम्ही जिंकला होतात, आणि मी टीव्हीसमोर उभी राहून मोठ्याने ‘अहो बेबीताई!’ म्हणाले. माझ्या नवऱ्याने पेपरातून वर पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

हे रूपालीसुद्धा वाचणार आहे. तुमच्या लेकीने मालिकेचा एकही भाग बघितलेला नाही, म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेलं थोडं पुन्हा सांगते. तुम्ही तोवर सुईत दोरा ओवा. ‘घर चौथ्या मजल्यावरचं’ ही आपली मालिका. मृदुला सासूबरोबर चौथ्या मजल्यावर राहते. नवरा शेखर दुबईला गेला तो गेलाच. सात वर्षं ना फोन ना निरोप. खालच्या मजल्यावर अनिश राहतो. तो सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांचं बघतो, सिलिंडर वर चढवून देतो आणि मृदुलाकडे असा काही बघतो की ग्रुपमधल्या आम्हा चाळिशीच्या बायकांचा चहा गार होतो. ग्रुपने दोघांची नावं जोडून ‘मृदुनिश’ करून टाकलं होतं. मालिकावाले जुळवायला उशीर लावत होते म्हणून आपणच जुळवत होतो. प्रत्येकीने आपल्या मनाचा भाग लिहायचा, ग्रुपवर टाकायचा आणि त्यावर दोन दिवस भांडायचं. शेखर तेव्हा मालिकेत नव्हताच. भिंतीवरच्या फोटोत तेवढा होता. आणि तुम्ही एकट्या शेखरच्या बाजूने.

फोटोतल्या माणसाची बाजू कोणी कशी घेतं, याचं मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं. तो पहिला दिवस तुम्हाला आठवतो का? मी बोनकोड्यात तुमच्या दुकानात ब्लाउज टाकायला आले होते. वर फळीवर टीव्ही, खाली मशीन, आणि तुमच्या तोंडात टाचण्या. मृदुला फोटोपुढे उभी राहून रडत होती. मी सहज म्हटलं, “हिने आता अनिशला हो म्हणून टाकावं.”

तुम्ही टाचण्या काढून हातावर घेतल्यात. “आनि तो आला मंग?”

“कोण?”

“शेखर. दाराशी आला, आनि दारात दुसऱ्याच्या चपला. मंग?”

“मग काय, जाईल परत. सात वर्षं काय करत होता?”

“तेच तर बोलतंय मी,” तुम्ही म्हणालात. “काय करत व्हता, कोनी इचारलंय?” आणि टेप घेऊन माझा मुंढा मापायला लागलात.

मी घरी येईपर्यंत विचार करत होते. एवढ्या भागांत तो काय करत असेल हे खरंच कोणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी तुम्हाला ग्रुपवर घेतलं. मंजिरीने, म्हणजे आपल्या अ‍ॅडमिनने, मला वेगळा मेसेज केला होता, ‘ह्या बाई कोण? शेखरवाल्या?’

तुम्हाला मोबाईलवर मराठी टाइप करायचा कंटाळा. बोलून टाइप करायला गेलात तर फोनला तुमचं बोलणं कळेना आणि तुम्ही त्यालाच शिव्या घातल्यात, त्या मात्र त्याने नीट उतरवल्या. मग तुम्ही वहीत लिहायला लागलात. वही म्हणजे मापांची वही. उजव्या पानावर गिऱ्हाइकाचं माप, छाती, कंबर, बाही, मुंढा. डावं पान कोरं असायचं, त्यावर शेखर. त्या पानाचा फोटो काढून मला पाठवायचा, मी टाइप करून ग्रुपवर टाकायचा, अशी आपली पद्धत पडली.

आणि टाइप करता करता मी तपासायचे. तो माझा स्वभावच. वाशीला ऑफिसात दिवसभर मी आयात-निर्यातीचे कागद तपासते. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की कंटेनर जासईच्या यार्डात अडकून बसतो. ग्रुपनेही मला तेच काम दिलं होतं. कुणाच्या भागात मृदुलाची साडी चुकली, सासूचा डावा गुडघा दुखायचा तो उजवा झाला, की वृंदा परत पाठवणार. मालिकेत जे दाखवलं त्याच्या बाहेर जायचं नाही, हा नियम मीच केला होता. मला त्याचा अभिमान होता हे कबूल करते.

दुसरा नियम मंजिरीचा, ‘उलटा भाग’. दोघींची पैज लागायची आणि पुढे मालिकेत जे घडेल त्यावरून जी हरेल तिने समोरचीच्या बाजूने एक भाग लिहायचा. तुम्ही मृदुनिशचे तीन उलटे भाग लिहिलेत. तिन्हींत अनिश इतका चांगला दाखवलात की मंजिरीला संशय आला तुम्ही टिंगल करताय. तुम्ही करतच होतात.

तुमच्या स्वतःच्या भागांची मात्र मला गंमत वाटायची. सगळे दारापाशी सुरू व्हायचे. शेखर येतो, दारात उभा राहतो, सासू दार उघडते. ती रडत नाही, थोबाडीत मारत नाही, कुठे होतास म्हणून विचारत नाही. ती त्याच्या हातात काहीतरी काम देते. पहिल्या भागात तुम्ही लिहिलं होतंत, सासूने सुपात जवळा घेतला होता, तो त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, निवड. मी लगेच परत पाठवला. मृदुलाचं घर शाकाहारी दाखवलंय, देव्हाऱ्यापुढे ती सासू तासभर बसते, तिच्या घरात सुकी मच्छी कुठून येणार? फोनवर तुमच्या मशीनचा आवाज थांबला. मग म्हणालात, “मंग काय देऊ त्याच्या हातात?” मी म्हटलं, मेथी द्या. तुम्ही जवळ्याची मेथी केलीत. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक भागात शेखर मेथी निवडत बसायचा. ग्रुपवर त्याचं नाव ‘मेथीवाला’ पडलं, आणि ते पाडण्यात मी पुढे होते.

का हो जवळाच, इतर काही का नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. साडीचा रंग विचारणारी बाई मी.

गेल्या वर्षी तुम्ही आणखी एक भाग पाठवला होतात. शेखर का गेला, त्याचा. तोही मी परत पाठवला होता. त्याच्याकडे मी येतेच आहे, पण आधी आपलं शेवटचं भांडण.

शेखर परत येणार अशी जाहिरात सुरू झाली तेव्हा ग्रुप पेटला. पैज लागली. मृदुला दार लावून घेणार, मी म्हटलं. उघडणार, तुम्ही म्हणालात. बोलता बोलता माझा तोल गेला. सगळ्यांसमोर लिहिलं, ‘बेबीताई, बाईने सोसलेलं तुम्हाला आवडतं. नवरा कसाही वागला तरी पदरात घ्यावं असं तुमच्या पिढीला वाटतं, म्हणून तुम्ही शेखरच्या बाजूच्या.’ त्याला सात जणींनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी तुमचा मला वेगळा मेसेज आला. ‘तुजा ब्लाउज तयार हाय. दंडात जरा सैल ठेवलाय.’

एवढंच. मी त्यावर ‘ओके’ टाकलं. दुकान दहा मिनिटांवर, पण माझं तोंड नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाऊ, तोवर विसरतील, असा हिशेब केला. गुरुवारी सकाळी मंजिरीचा फोन आला की तुम्ही गेलात. मशीनवरून उठलात आणि खाली बसलात म्हणे. मी अंत्ययात्रेलाही आले नाही. ऑफिसात महत्त्वाचे कागद आहेत असं मंजिरीला सांगितलं. कागद रोजचेच होते.

तेराव्यानंतर रूपालीचा फोन आला. ती मापवहीतून एकेका गिऱ्हाइकाला फोन करून शिवलेले ब्लाउज घेऊन जायला सांगत होती. “तुमी वृंदा मॅडम ना? तुमचा पोपटी... नाय, पोपटी जुना दिसतोय. जांभळा हाय तुमचा. घेऊन जा ना प्लीज, आमाला दुकान खाली करायचंय.”

मी शनिवारी आले. टीव्ही फळीवरून उतरवला होता. तुमचे मिस्टर बाहेर खुर्चीवर बसले होते. रूपाली जमिनीवर बसून कापडांच्या पिशव्यांवर नावं लिहीत होती. तुमच्यासारखंच कपाळ, पण भुवया उंचावून बोलायची सवय तिची स्वतःची. उलव्याहून रोज येतेय म्हणाली. मला ब्लाउज दिला, आणि मी निघणार तर म्हणाली, “एक विचारू? आईच्या फोनमध्ये सगळे मेसेज तुमचेच. आनि आई तुमाला वहीची पानं का पाठवायची?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिची आई शिवणकाम करते, मालिका बघते, एवढंच तिला ठाऊक. मी फोन काढला आणि तुमचा एक भाग तिला वाचायला दिला. दारापाशीचाच. वाचता वाचता ती हसत होती, ‘आई असं लिहायची? आमची आई?’ आणि मग मेथीपाशी आली आणि थांबली.

“हे मेथी तिने लिहिलंय?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यांनी जवळा लिहिला होता. मी बदलायला लावला.”

रूपालीने फोन खाली ठेवला. बाहेर खुर्चीत बसलेल्या बाबांकडे बघितलं आणि आवाज कमी केला. मग तिने जे सांगितलं ते मी इथे लिहितेय, तिला विचारूनच. ती चार वर्षांची असताना तुम्ही एक दिवस घरातून गेलात. जासईला तुमच्या मावशीकडे. वर्ष आणि वर चार महिने तुम्ही आला नाहीत. माणसं न्यायला गेली, तुम्ही आला नाहीत. मग एका दुपारी आपल्या आपण येऊन दारात उभ्या राहिलात. आजी जवळा निवडत होती. तिने सूप तुमच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘निवड.’ त्यावर पुढे कधी कोणी बोललं नाही, आजी नाही, बाबा नाहीत आणि तुम्हीही नाही.

बेबीताई, मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. इतकी वर्षं आम्ही बाविसेक बायका मृदुलाच्या जागी उभ्या राहून दाराकडे बघत होतो, आणि तुम्हीही आमच्याच बाजूला उभ्या आहात असं मी धरून चालले होते. बाई आहे म्हणजे मृदुलाच असणार. तुम्ही दाराच्या बाहेर उभ्या होतात. शेखर दुबईला गेला, तुम्ही जासईला, गाडीने तासभर. आणि मी तुम्हाला सोसणाऱ्या बायकांबद्दल शिकवत होते.

“का गेल्या होत्या?” मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, आपण कोण विचारणाऱ्या?

“तेच तर मी तुमाला विचारणार व्हते,” रूपाली म्हणाली. “यात कुठे लिहिलंय का? तो शेखर का गेला ते?” आणि मग पिशवीवर नाव लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आदल्या दिवशी मी तिला बोलले होते, मला तू नको, आजी पायजे. ती केस विंचरत होती ना, ओढले गेले. दुसऱ्या दिवशी उठले तर आई नाय. तेव्हापासून मला वाटतं मॅडम. आता मी छत्तीसची हाय, मला स्वतःची दोन पोरं हायेत, मला कळतं असं नसतं. पन वाटतं.”

तेव्हा मला तो परत पाठवलेला भाग आठवला. त्या भागात एक लहान मुलगी होती. काय होती, का होती, काही आठवेना, पण होती हे नक्की, कारण मी तुम्हाला लिहिलं होतं, ‘शेखर-मृदुलाला मूल नाही. कोणत्याच भागात दाखवलेलं नाही. मुलगी काढून टाका.’ आणखीही एक हरकत घेतली होती, जायचं कारण पटत नाही म्हणून. काहीतरी ठोस द्या, दुसरी बाई, तुरुंग, काहीही. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि तो भाग पुन्हा कधी आला नाही. फोटो मी तेव्हाच पुसला होता. तपासून झालं की मी पुसते.

मी रूपालीला हे सगळं सांगितलं. सांगायला पर्याय नव्हता. तिने विचारलं, “मुलगी का काढायला लावलीत?” मी म्हटलं, मालिकेत नाहीये म्हणून. हे वाक्य तिच्यासमोर उच्चारताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

“आईच्या फोनमध्ये मागच्या वर्षीचे फोटो नाय राहिलेत. पन फोटो वहीचा होता ना,” ती म्हणाली. “वही तर हाय.”

वह्या चौदा निघाल्या. तारखा नाहीत, नुसती मापं. तुमच्या गिऱ्हाइकांची नावं तरी कशी, ‘केशरी साडी’, ‘बँकवाली’, ‘भांडकुदळ पन चांगली’. तारीख नसली तरी मला ब्लाउज आठवत होता. तो भाग तुम्ही मला पाठवलात त्याच दिवशी मी दुपारी पोपटी ब्लाउज टाकून गेले होते, पुतणीच्या लग्नाचा, पाठीला नॉट असलेला. दोघी जमिनीवर बसलो, सात तिच्याकडे, सात माझ्याकडे. पोपटी शोधता शोधता आम्ही तुमचं काय काय वाचलं! शेखर दुबईत चुकून बायकांच्या डब्यात चढतो ते काय होतं? रूपाली इतकी हसली की बाबा आत डोकावून गेले. मी त्यांना धीर करून विचारलं, “तुम्ही कधी विचारलं नाहीत ताईंना, का गेल्या ते?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोलतेय. “आली ना ती,” म्हणाले. “मंग?” आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

पान रूपालीलाच सापडलं. उजवीकडे मी, ‘वृंदा, पोपटी’, माझी सगळी मापं. डावीकडे तुमचं अक्षर. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, दोन ओळींनंतर मनात वाचलं, आणि मग वही माझ्याकडे दिली. ते जसंच्या तसं उतरवते. एक अक्षर तपासलेलं नाही.

‘शेखरला घरात काय तरास नवता. कोनी मारत नवतं, बोलत नवतं. एक दिवस सकाळी त्याने दुधाची पिशवी कापली, पातेल्यात ओतली आनि त्याला वाटलं हे आता मरेपरेंत रोज. पिशवी ओट्यावर ठेवली आनि निघाला. गाडीत बसला तरी त्याला वाटत व्हतं आपन संद्याकाळी परत येतोय. पोरगी झोपली व्हती. आदल्या दिवशी पोरगी बोलली व्हती तू नको आजी पायजे. चार वर्साची पोर, काय पन बोलते, त्याच्यासाठी कोन घर सोडतं. पोरीचं काय चुकलं नाय. हे शेखरने पोरीला सांगायला पायजे. पन सांगायचं तर आपन गेलो व्हतो हे पन बोलायला लागतं. म्हनून तो सांगत नाय. तिकडं पन रोज दूध व्हतं.’

खाली, वेगळ्या पेनाने, म्हणजे मी परत पाठवल्यानंतरच, दोन ओळी. ‘वृंदा बोलते मुलगी नाय. कारन पन पटत नाय तिला. पन येवढंच व्हतं.’

रूपालीने ते पान तीनदा वाचलं. मग म्हणाली, “मागच्या वर्षी हे वाचलं असतं तर मी तिच्याशी बोलले असते.” रागाने नाही, सरळच म्हणाली. लगेच मला सावरायला गेली, “तशी मी कुठे तुमच्या ग्रुपवर व्हते? तिने मला पाठवलंच नसतं.” असेल. पण तुम्ही ते बावीस बायकांपुढे ठेवायला निघाला होतात, बेबीताई. कुठून तरी फिरत फिरत ते उलव्याला पोचेल, असं तुम्हाला वाटलं होतं का? की नुसतं एकदा लिहून मोकळं व्हायचं होतं? ते पान मला पाठवताना तुमचा हात थांबला होता का? मला हे फार विचारायचंय. माझ्याकडे तुमचे तेवढे मेसेज आहेत, मी सगळे पुन्हा वाचले, कुठेही उत्तर नाही. त्या दिवशी तुम्ही पाठवलंय एवढंच, ‘बग कसा झालाय.’

तुम्ही ते मला दाखवलंत यासाठी मी तुमची फार आभारी आहे. आणि माफी मागते. सोसण्याबद्दल जे लिहिलं त्याची, आणि मेथीची, आणि मुलीची. हे तुमच्या दुकानात उभं राहून सांगायचं होतं, तुम्ही टाचण्या तोंडात धरून ऐकलं असतंत आणि उत्तर द्यायचं टाळलं असतंत. जांभळा ब्लाउज घालून बघितला. दंडात बरोबर बसतो. मला राग आला होता त्या ‘सैल’वर, आता कबूल करायला हरकत नाही.

ते पान रूपालीने वहीतून काढलं नाही. सगळी वहीच घरी नेली. ‘माझं माप पण गेलं त्यात,’ मी म्हटलं, तर म्हणाली, “द्या ना मग दुसरं, मी शिकतेय.” दुकान खाली करायचं तिने पुढे ढकललंय, एवढं तुम्हाला कळवते.

आता पैजेचं. मी हरले, तेव्हा उलटा भाग माझ्याकडे लागला. मंजिरीने आठवण केली नाही, तिला वाटलं आता कसं मागायचं. मीच लिहिला, रूपालीला आधी वाचून दाखवला. माझं नाव घालू नका, बाकी सगळं घाला, म्हणाली. शेखर जिने चढून येतो. सासू दार उघडते. सूप पुढे सरकवते. तो खाली बसून जवळा निवडायला लागतो, आणि निवडता निवडता आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहतो. मग उठतो, आत जातो आणि आपल्या मुलीला सांगतो की तुझं काही चुकलं नव्हतं.

तपासायला मी तो मंजिरीकडे पाठवला, नियम मीच केलेला आहे. तासाभरात परत आला. लाल अक्षरात दोन हरकती. ‘१. त्यांच्या घरात जवळा नसतो, तूच सांगितलं होतंस. २. अगं वृंदा, शेखरला मुलगी नाहीये! एवढ्या भागांत कधी दिसली का?’

मी दोन्ही ओळींखाली उत्तर लिहिलं.

‘१. असतो.

२. आहे. आत झोपली होती, म्हणून दिसली नाही.’